बोलपटांतील ध्वनीचें शुद्धीकरण आणि पाठचिकित्सेचे नियम

जुन्या बोलपटांचा आवाज घरच्या संगणकावर ‘शुद्ध’ करून घेण्याचा प्रघात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बराच पसरला आहे. ऑडॅसिटी या नांवाची आज्ञावली इ. स. २००० मध्यें प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य मिळत असल्यामुळें ज्यास संगणक चालवितां येतो अशा कोणाहि मनुष्यास आज हें काम करतां येतें. खरखर गेली, घुमारा गेला, शब्द पूर्वींपेक्षां उठून ऐकूं येऊं लागले, म्हणजे करणाराहि संतुष्ट होतो आणि ऐकणाराहि. परंतु अशी प्रत एखाद्या संग्रहांत दाखल होऊं लागली म्हणजे तिजबरोबर एक प्रश्नहि येतो: शुद्ध प्रत हातीं आल्यावर खरखरीत प्रत ठेवण्याचें प्रयोजन काय? इतिहासाच्या साधनांवर प्रेम करणाऱ्या कांहीं स्नेह्यांच्या बैठकींत हा प्रश्न निघाला असतां बहुतेकांचें मत ‘प्रयोजन नाहीं’ असें पडलें. प्रस्तुत लेखकाचें मत याच्या अगदीं उलट आहे. तें ग्रंथ वाचून बनलेलें नाहीं. स्वतःच्या एका प्रमादांतून बनलेलें आहे, व तो प्रमाद पुढें यथास्थित सांगितला आहे.

प्रथम ‘शुद्ध’ या शब्दाचाच विचार करूं. पोथी शुद्ध करणें याचे दोन अर्थ होतात. लेखनिकाच्या हातची चूक दुरुस्त करून कर्त्याचा पाठ पुन्हा प्रस्थापित करणें हा एक. आणि वाचणारास अडखळावें लागूं नये असा सुबोध पाठ तयार करणें हा दुसरा. पहिलें काम संशोधकाचें, दुसरें पंतोजीचें. तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविल्यामुळें दुसरें काम मीं पुष्कळ केलें आहे व त्याची योग्यता मी कमी मानीत नाहीं. परंतु दुसऱ्या अर्थानें शुद्ध केलेली पोथी पहिल्या अर्थानें शुद्ध समजून दप्तरांत ठेवली गेली, तर तो पुरावा बिघडविण्याचाच प्रकार होय. बोलपटांच्या बाबतींत हा घोटाळा आज सर्रास होत आहे.

फितीवरील ध्वनि म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. बोलपटाच्या ३५ मिलिमीटर रुंद फितीवर चित्रांच्या एका बाजूस ध्वनीची अरुंद पट्टी छापलेली असते. आवाजाप्रमाणें तिची रुंदी अथवा काळेपणा कमीजास्त होतो. तिजमधून प्रकाशाचा बारीक किरण जातो, पलीकडचें उपकरण त्या प्रकाशाचें विजेंत रूपांतर करतें, व विजेचा पुन्हा आवाज होतो. अर्थात् या पट्टीवर जें जें प्रकाश अडवील तें तें सर्व बोलतें: धुळीचा कण बोलतो, ओरखडा बोलतो, रसायनाचा रवा बोलतो, तुटलेल्या फितीचा सांधा बोलतो. फीत सेकंदास २४ चित्रें या गतीनें चालते व प्रत्येक चित्रास कडेला चार छिद्रें असतात. फीत किंचित् बाजूस सरकून किरण छिद्रांच्या कडेवर पडला, तर सेकंदास ९६ कंपनांचा एक घुमारा सर्व संभाषणाखालीं ऐकूं येतो. विजेच्या प्रवाहाचा घुमारा याहून निराळा. आपल्याकडे तो ५० व त्याच्या पटींत, म्हणजे १००, १५० असा असतो. कानास दोन्ही सारखेच त्रासदायक वाटतात, पण एकाचें मूळ फितींत व दुसऱ्याचें विजेंत आहे.

हस्तलिखितांत ‘घ’ व ‘ध’, ‘प’ व ‘य’ यांचा घोटाळा पाहून मूळ पोथीच्या अक्षराचें वळण कसें असावें याचा तर्क करतां येतो, हें पोथ्या हाताळणारांस सांगावयास नको. बोलपटाच्या ध्वनींतहि तसेंच आहे. चित्रगृहांत झिजलेल्या प्रतीची तडतड एक, तिजवरून छापलेल्या दुसऱ्या प्रतीच्या रव्याची खरखर दुसरी, आणि घरच्या व्हिडिओ-फितीची सूं अशी सळसळ तिसरी. हे थर ज्या क्रमानें एकावर एक बसले त्या क्रमानें उलगडले, तर प्रतीची वंशावळ हातीं येते. संशोधकाच्या दृष्टीनें अशुद्धें हीं साक्षीदार होत. त्यांस हाकलून देण्यापूर्वीं त्यांची जबानी घेतली पाहिजे.

आतां आज्ञावली काय करते तें पाहूं. जेथें कोणी बोलत नाहीं, कांहीं वाजत नाहीं, नुसती खरखर आहे, असा लहानसा तुकडा आपण तिला दाखवावयाचा. ती त्या तुकड्याचें पृथक्करण करून कोणत्या कंपसंख्येस किती खरखर आहे याचें कोष्टक मनाशीं बांधते. आणि मग सबंध ध्वनींत जेथें जेथें आवाजाचा जोर त्या कोष्टकांतील मर्यादेस ओलांडीत नसेल, तेथें तेथें तो दाबून टाकते. हा उघड उघड स्थालीपुलाकन्याय आहे: एका शितावरून भाताची परीक्षा. पण हा न्याय खरा ठरण्यास सर्व भात एकाच भांड्यांत शिजलेला असावा लागतो. बोलपट तसा नसतो. ३५ मिलिमीटरची फीत मिनिटास ९० फूट चालते, म्हणजे हजार फुटांचें एक रीळ सुमारें अकरा मिनिटांत संपतें. प्रत्येक रीळ स्वतंत्रपणें छापलेलें व स्वतंत्रपणें झिजलेलें असतें. त्यांतहि त्याचीं दोन्ही टोकें अधिक खराब झालेलीं असतात. पहिल्या रिळाच्या आरंभींची खरखर घेऊन नवव्या रिळाची परीक्षा करणें म्हणजे शेजारच्या घरचें शीत चेपून आपला भात शिजला असें म्हणणें होय.

दुसरा दोष याहून खोल आहे. खरखर कोणती व शब्द कोणता हें आज्ञावलीस अर्थावरून कळत नाहीं. तिला फक्त कंपसंख्या आणि जोर कळतो. शिक्षाकारांनीं श, ष, स, ह यांस ऊष्म म्हटलें तें त्यांतील श्वासाच्या वायूवरून. यंत्रावर पाहिलें असतां ‘स’ हा वर्ण स्वरांसारखा ठराविक कंपसंख्यांचा नसतो. ती एक पसरलेली खरखरच असते, व तिचा मुख्य जोर चार-पांच हजार कंपनांच्या वर असतो. ‘श’ चा जोर त्याहून खालीं सुरू होतो. जुन्या बोलपटांच्या ध्वनींत सात-आठ हजारांच्या वर ऐकण्यासारखें फारसें उरलेलें नसतें, म्हणजे ‘स’ अगोदरच अर्धा कापलेला. त्यावर खरखर-निवारणाचा जोर वाढविला कीं उरलेला अर्धाहि जातो. ख, थ, फ यांतील महाप्राणाची तीच गत. दाखविलेल्या तुकड्यांत मागें तानपुरा चालू असेल, तर तोहि अखंड वाजणारा असल्यामुळें खरखरींत जमा होतो. तडतड काढण्याची क्रिया निराळी. एकाएकीं उठून क्षणांत मावळणारा आवाज ती शोधते. चिपळीचा ठोका हाहि तसाच असल्यामुळें भजनाच्या प्रसंगीं ही क्रिया निष्काळजीपणें वापरली तर ठोक्याची धारच बोथट होते. फारच जोर केला तर मागें तुटक सुरांची एक किणकिण उरते, जणूं पाण्याचे बुडबुडे फुटत आहेत. मूळ फितींत नसलेला हा दोष शुद्ध करणारानें नवा घातलेला असतो.

संभाषणाच्या मधल्या रिकाम्या जागेसहि अर्थ आहे. पार्श्वगायनाची पद्धति आपल्या बोलपटांत १९३५ पासून रूढ होऊं लागली. त्यापूर्वीं नटास कॅमेऱ्यासमोर जागच्या जागीं गावें लागे. तेव्हां शब्दांच्या मागें जो जागेचा मंद घुमा ऐकूं येतो, तो गाणें कोठें व कसें नोंदलें गेलें याचा पुरावा असतो. शब्दांमधील जागा पार मुकी करून टाकली म्हणजे नट पोकळींत उभा राहून बोलतोसा भासतो, आणि तो पुरावाहि नाहींसा होतो.

आतां माझा प्रमाद. १९८० नंतरच्या दशकांत दूरदर्शनवर दाखविलेला, १९४० पूर्वींचा एक मराठी बोलपट मीं घरीं व्हिडिओ-फितीवर उतरून घेतला होता. त्याचें नांव मुद्दाम देत नाहीं, कारण दोष चित्राचा नाहीं, दाखविणारांचा नाहीं, केवळ माझा आहे. सेवानिवृत्तीनंतर ती फीत संगणकावर घेऊन मीं तिचा आवाज साफ केला. पंधरा दिवस खपून तयार झालेली प्रत इतकी स्वच्छ वाटली कीं, बुरशी आलेली फीत मीं टाकून दिली, व संगणकावर घेतलेली पहिली नक्कलहि जागा अडते म्हणून पुसून टाकली.

पुढें या बोलपटावर एक टिपण लिहितांना दोन प्रश्न उभे राहिले. पहिला प्रश्न गायक-नटाच्या पट्टीचा. माझ्या प्रतींत त्याचा षड्ज जवळजवळ पांढरी दोनशीं मिळत होता, व तसें मीं लिहूनहि टाकलें. पेटी वाजविणारे एक स्नेही तें ऐकून म्हणाले, “गुरुजी, हा गळा ओढल्यासारखा लागतो. माणूस मुळांत याहून खालीं गात असला पाहिजे.” तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, दूरदर्शनची चित्रगति सेकंदास २५ व बोलपटाची २४. प्रक्षेपणासाठीं बोलपट २५ च्या गतीनें चालविला कीं दोन तासांचें चित्र ११५ मिनिटें १२ सेकंदांत संपतें, आणि सर्व आवाज षड्जापासून कोमल ऋषभापर्यंत जें अंतर आहे त्याच्या सुमारें सात दशांश इतका वर चढतो. काळी एकचा गवई पांढरी दोनच्या जवळ येतो तो असा.

पण माझी प्रत खरोखरच त्या गतीनें उतरली होती, यास पुरावा काय? स्वच्छ केलेल्या ध्वनींत तो उरला नव्हता. सुदैवानें काम करतांना वापरलेल्या वहींत पेन्सिलीनें केलेली एक नोंद सांपडली: “तिसऱ्या रिळांत १०० चा घुमारा, सुमारें साडेदहा मिनिटें. निवेदिकेच्या बोलण्यांत नाहीं. पुढील रिळांत नाहीं. काढला.” मीं तो विजेचा समजून काढला होता. परंतु तो माझ्या घरच्या यंत्राचा असता तर निवेदिकेच्या बोलण्यांतहि आला असता, व एका रिळानंतर थांबला नसता. चित्रीकरणाच्या वेळचा विजेचा घुमारा असता, तर गति वाढल्यामुळें १०० चा १०४ झाला असता. एकाच रिळापुरता येणारा आणि बरोबर १०० वर बसणारा घुमारा फितीच्या छिद्रांचाच असणार. ९६ चे १०० झाले, म्हणजे २४ चे २५ झाले. ज्यास मीं उपद्रवी म्हणून हाकलून दिलें तोच या प्रकरणांतील मुख्य साक्षीदार होता. त्याची जबानी वहींत राहिली म्हणून माझें विधान मला दुरुस्त करतां आलें.

दुसऱ्या प्रश्नाचें असें झालें नाहीं. त्या बोलपटांत एका खेडुताच्या तोंडीं ‘देश’ हा शब्द येतो. तो ‘देश’ म्हणतो कीं ‘देस’? पडद्यावर ग्रामीण बोली त्या काळीं कशी बोलवीत, नट शहरी असला तर तो सवयीनें कोठें चुके, हें ठरविण्यास असले बारीक उच्चार हेंच साधन असतें. माझ्या स्वच्छ प्रतींत त्या ठिकाणीं ‘दे’ नंतर एक मऊ फुंकर तेवढी ऐकूं येते. ती तालव्याची कीं दंत्याची, हें सांगतां येत नाहीं. वहींत याविषयीं एक अक्षर नाहीं. खरखर असतांना तो शब्द मला स्पष्ट ऐकूं आला होता असें आठवतें, पण आठवण म्हणजे पाठ नव्हे. टिपणांतील तें कलम मला गाळावें लागलें.

येथें पुण्यांतील एका मोठ्या उदाहरणाचें स्मरण होतें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति काढली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ मध्यें पूर्ण झालें व सर्व पर्वांचें काम १९६६ मध्यें संपलें. त्या आवृत्तींत निश्चित केलेला पाठ वर, आणि टाकून दिलेले पाठभेद त्याच पानावर खालीं दिले आहेत. ज्या पाठाविषयीं संपादकांस खात्री नव्हती त्याखालीं नागमोडी रेघ ओढली आहे. कोणाहि वाचकानें खालचे पाठभेद घेऊन संपादकांशीं वाद करावा, अशी ती सोय आहे. संपादकाचा अधिकार त्यानें काय ठेवलें यावर जितका अवलंबून असतो, तितकाच त्यानें काय टाकलें हें तो दाखवितो कीं नाहीं यावरहि असतो.

ध्वनीच्या कामांत ही सोय अशक्य आहे असें नाहीं. ऑडॅसिटींतच खरखर-निवारणाच्या चौकटींत एक पर्याय असा आहे कीं, तो निवडला असतां आज्ञावली जें काढून टाकणार आहे तेवढेंच ऐकवते. त्यास आपण ‘अवशेष’ म्हणूं. अवशेषांत नुसती एकसारखी सळसळ ऐकूं आली तर काम ठीक चाललें आहे. शब्दांचे तुकडे, स-कारांच्या फुंकरा, टाळांचे पडसाद ऐकूं आले तर आपण शब्दच कापीत आहों असें समजावें. हा अवशेष निराळा जपून ठेवला कीं तोच पानाखालचा पाठभेद झाला. मीं तो पर्याय एकदांहि वापरला नव्हता.

अलीकडे याहून धोक्याचीं साधनें निघालीं आहेत. पुष्कळ भाषणें ऐकवून शिकविलेल्या नव्या आज्ञावल्या खरखरींतून मनुष्याचा आवाज वेगळा काढतात. त्यांतील कांहीं तर जेथें आवाज तुटला असेल तेथें तो असावा तसा स्वतः निर्माण करतात. विशेष हें कीं, हें काम फार सफाईनें होतें. पाठचिकित्सेंत अशा पाठास कल्पित पाठ म्हणतात, व त्याची खूण केल्यावांचून तो छापीत नाहींत. यंत्र मात्र आपल्या कल्पनेखालीं नागमोडी रेघ ओढीत नाहीं. माझ्या ‘देश’ शब्दावर असें साधन चालविलें, तर तें एक खणखणीत ‘श’ किंवा ‘स’ खात्रीनें काढून देईल, व तो नटाचा उच्चार नसून यंत्राची सवय असेल.

सफाईदार अनुकरण मूळांत कसें मिसळतें, याचें उदाहरण बोलपटांच्या इतिहासांतच आहे. प्रभातच्या १९३६ मधील ‘संत तुकाराम’ या बोलपटासाठीं शांताराम आठवले यांनीं रचलेलें एक पद इतकें तुकोबांच्या वळणाचें साधलें कीं, तें तुकोबांचाच अभंग आहे अशी पुष्कळांची समजूत झाली. आठवले यांनीं कोणास फसविलें नाहीं. तें पद त्यांच्या नांवावर आहे व गाथा छापलेली असल्यामुळें कोणासहि ताडून पाहतां येतें. ज्या बोलपटाची मूळ फीत उरली नाहीं, त्याच्या बाबतींत ताडून कशाशीं पाहावयाचें?

यावर असा आक्षेप येईल कीं, ही सर्व संशोधकांची चैन आहे. सामान्य प्रेक्षकास अर्धे शब्द ऐकूं येत नसतील तर जुना बोलपट कोणी पाहणारच नाहीं, आणि न पाहिलेला बोलपट जतन करून उपयोग काय? हा आक्षेप मला मान्य आहे. माझीं नातवंडें खरखरीत प्रत पांच मिनिटांत बंद करतात व स्वच्छ प्रत शेवटपर्यंत पाहतात, हें मीं पाहिलें आहे. तेव्हां स्वच्छ प्रत अवश्य करावी. सुबोध आवृत्तीवांचून विद्यार्थी तयार होत नाहींत. माझें म्हणणें एवढेंच कीं, सुबोध आवृत्ति छापून झाली म्हणून कोणी पोथी जाळीत नाहीं.

आणि आपल्या पोथ्या थोड्या उरल्या आहेत. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत लागलेला ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट. त्याची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. जानेवारी २००३ मध्यें पुण्यास पूर्वींच्या प्रभातच्या आवारांतील नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली, व तींत अनेक जुन्या मूळ फिती नष्ट झाल्या. अशा स्थितींत कोणाच्या घरीं पडलेली बुरशी आलेली व्हिडिओ-फीतहि एखाद्या दृश्याची किंवा गाण्याची उत्तम साक्ष असूं शकेल. ती पुढें येईपर्यंत आपणांस तें कळण्याचा मार्ग नाहीं.

म्हणून हें काम करूं इच्छिणारांनीं पुढील पथ्यें पाळावीं अशी सूचना आहे. फितीवरचा ध्वनि आहे तसा, कांहींहि न काढतां, प्रथम संगणकावर घ्यावा. सेकंदास निदान ४८,००० नमुने व २४ बिटें या मापानें घ्यावा, आणि एमपीथ्रीसारख्या आवाजाचा अंश टाकून देणाऱ्या रूपांत ही पहिली नक्कल ठेवूं नये. ती नक्कल कधीं बदलूं नये, कधीं पुसूं नये. प्रत कोठून आली, किती हातांतून आली व कोणत्या गतीनें चालली, हें लिहून ठेवावें. कोणताहि घुमारा अगर तडतड काढण्यापूर्वीं ती कोठें सुरू होते, कोठें थांबते व किती कंपनांची आहे हें टिपावें. खरखरीचा नमुना प्रत्येक रिळास नवा घ्यावा, निवारण सहा ते बारा डेसिबलांच्या पुढें सहसा नेऊं नये, व अवशेष ऐकल्यावांचून पुढें जाऊं नये. तयार झालेल्या प्रतीवर ‘संपादित’ असा स्पष्ट शेरा, करणाराचें नांव व केलेल्या क्रियांची यादी असावी. जेथें यंत्रानें आवाज नवा घातला असेल, तेथें त्याची वेळ मिनिट-सेकंदांसह नोंदावी. तीच आपली नागमोडी रेघ.

संग्रह सांभाळणाऱ्या संस्थांनीं याहून एकच गोष्ट अधिक करावी. स्वच्छ प्रत देण्यास कोणी आला, तर ती आभारपूर्वक घ्यावी व लागलीच त्यास विचारावें: अस्वच्छ कोठें आहे? मला कोणी असें विचारणारा भेटला असता, तर तो शब्द ‘देश’ होता कीं ‘देस’ हें आज या पानांत लिहितां आलें असतें. असो. ज्यांच्या घरीं अजून अशा फिती आहेत त्यांनीं त्या टाकूं नयेत, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.